हवा धरलेली गाडी

१

डिझेल गाडीच्या पाइपात हवा शिरली की गाडी उठत नाही, सुरूच होत नाही. यात गूढ काही नाही. टाकीतलं डिझेल फिल्टरमधून पंपात येतं आणि पंप ते बारीक पाइपांतून एकेका नोझलकडे इतक्या जोरानं ढकलतो की सिलिंडरात त्याचं धुकं होतं आणि पेट घेतं. मधे हवेचा एक बुडबुडा आला, की तो सगळा जोर तो बुडबुडाच खाऊन टाकतो. अशा वेळी पंपावरचा नट सैल करायचा, त्याच्या बाजूचा छोटा हातपंप मारत राहायचं, हवा फसफसत बाहेर पडू द्यायची, आणि निर्मळ डिझेलची धार लागली की नट आवळायचा. याला हवा काढणं म्हणतात.

१९६४ साली अमरावतीत हे काम करणारे पुष्कळ होते. पण पंपाचं दुखणं नुसत्या कानानं सांगणारा एकच होता, राजापेठेतला भगवंत मिस्त्री. लांब पेचकसाचं टोक पंपावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. मग तो म्हणे, "तिसरी नोझल शिंकून राह्यली." आणि खोलून पाहावं तर तिसरीच निघे. देवाधर्माशी त्याचं वाकडं नव्हतं, पण फार जवळीकही नव्हती. बोनेटला लिंबू-मिरची बांधणाऱ्या ड्रायव्हरला तो हमखास विचारी, "यानं फिल्टर साफ होते काय बे?"

तोच कान तो घरी बायकोच्या पाठीला लावत असे. विमलला दमा होता. बारा वर्षं तो तिच्या उशाशी बसून पाठीला कान लावत आला होता, आणि तिच्या श्वासाची चाल त्याला पाठ झाली होती. दोन आखूड, एक लांब, मग थोडं थांबणं. ते थांबणं त्याला भारी जाई. पुढचा श्वास येईपर्यंत त्याचाही अडकून राही.

त्या वर्षीचा मे महिना फारच वाईट गेला. डॉक्टरांनी विमलला तपासलं आणि भगवंतला दाराबाहेर नेऊन सांगितलं, "छाती थकली आहे. हा उन्हाळा काढला तर काढला." त्यानं ते ऐकलं, मान हलवली आणि घरात येऊन तिला हसून सांगितलं की डॉक्टर म्हणतात पावसाळ्यात बरं वाटेल.

२

बडनेऱ्याला उत्तमरावांचं कापसाचं जिन होतं. तिथून सकाळी निरोप आला: सरकी भरलेला ट्रक दोन दिवस जागचा हलत नाही, माल अकोल्याच्या तेलमिलला पोचवायचा आहे, मिस्त्रीनं यावंच.

भगवंतला जायचं नव्हतं. विमल भिंतीला उशी लावून बसली होती, खांदे वर ओढून, एकेक श्वास विहिरीतून पोहरा ओढावा तसा ओढत. शेजारच्या गोदाबाई तिच्या समोर निखाऱ्यांवर ओवा टाकून धुरी करत होत्या.

"जा ना तुमी," विमल थांबत थांबत म्हणाली. "माह्या उशाशी बसून... मले हवा येते काय?"

"मी हाय न इथी," गोदाबाई म्हणाल्या. "तुमी या जाऊन, भगवंतभाऊ."

तो सायकलवर टांग टाकून निघाला.

जिनाच्या आवारात कडुनिंबाखाली ट्रक उभा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच आलेला, तीन मालकांच्या हातून गेलेला, रंग कोणता होता ते आता कुणी सांगू शकलं नसतं. ड्रायव्हर डोमाजी गमछ्यानं तोंड पुसत पुढं आला. पन्नाशीचा, शांत माणूस. सांगितलेलं काम सांगितल्यासारखं करणारा.

"दोन दिवसांपासून तरास देऊन राह्यली, मिस्त्री. ब्याटरी चांगली हाय. सेल्फ फिरते. पण उठत नाई."

"धूर?"

"टिपूस नाई धुराचा."

धूर नाही म्हणजे डिझेल आतवर जातच नाही. भगवंतनं बाह्या वर केल्या. टाकी पाहिली, अर्ध्यावर भरलेली होती. झाकणाचं भोक मोकळं होतं. फिल्टर खोलून धुतला. तांब्याच्या जुन्या चकत्या काढून नव्या घातल्या. मग पंपाचा नट सैल केला आणि हातपंप मारायला घेतला. पांढरा फेस आला. हवा होती. त्याला हायसं वाटलं. अर्ध्या तासाचं काम, मग घर.

३

अर्धा तास झाला तरी फेस थांबेना.

हे होतं कधी कधी. टाकीकडून येणाऱ्या पाइपाला कुठंतरी केसाएवढी चीर असते आणि तिथून हवा ओढली जाते. भगवंतनं पाइपावर बोट फिरवत सगळा माग काढला. चीर नव्हती. त्यानं पाइपच बदलला. पुन्हा नट सैल केला, हातपंप मारला. फेस. काखेत कळसा आणि गावाला वळसा असं तर होत नाही ना, म्हणून तो मागं सरकला आणि हात थांबवून नुसता त्या नटाकडे पाहत बसला.

हातपंप थांबला होता. सेल्फ बंद होता. तरीही बुडबुडे येत होते.

आधी दोन बारके, पाठोपाठ. मग एक मोठा, सावकाश फुगत जाणारा. मग काहीच नाही. आता बंद झाले असं वाटेपर्यंत काहीच नाही. आणि पुन्हा दोन बारके.

ऊन, त्यानं मनाशी म्हटलं. टाकी तापली, आतली वाफ फुगली, तिनं डिझेल ढकललं. त्यानं डोमाजीकडून गोणपाट ओलं करून टाकीवर घालून घेतलं. टाकी हाताला गार लागली. बुडबुडे तसेच राहिले.

मग त्यानं जुना उपाय केला. टाकीकडचा पाइप मोकळा करायचा, तोंडात धरायचा आणि फुंकायचं. पाइप मोकळा असेल तर टाकीत गडगड ऐकू येते, आणि कुठं फट असेल तर तिथून डिझेल टपकतं. सगळे मिस्त्री हेच करतात. डिझेलची चव त्यांच्या जिभेला नवी नसते. भगवंतनं पाइप ओठांत धरला आणि फुंकर घातली. टाकीत गडगड झाली. तो श्वास घ्यायला थांबला, आणि पाइपातून परत त्याच्या तोंडात हवा आली.

ऊबदार होती. अंगातून येते तेवढीच ऊबदार. तिला डिझेलचा वास नव्हता, ओव्याच्या धुराचा होता.

त्यानं पाइप टाकून दिला आणि खाली थुंकला.

"गिळलं काय?" डोमाजीनं विचारलं.

"थोडंसं," भगवंत म्हणाला. सकाळी घरात धुरी होती, तीच माझ्या कपड्यांना, मिशांना बसली असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. ते खरंही असू शकत होतं.

४

त्यानं पाइप परत जोडला. कारण दुसरं काय करायचं? पेचकस घेतला, टोक पंपावर टेकवलं, मूठ कानाला लावली. बंद इंजिनाला कान लावणारा मिस्त्री डोमाजीनं आजवर पाहिला नव्हता.

आत शीळ वाजत होती. बारीक, ओली, चिकटलेल्या नळीतून निघावी तशी. दोन आखूड, एक लांब. मग ते थांबणं, आणि त्या थांबण्यात भगवंतचा स्वतःचा श्वास सवयीनं अडकला. कानाला कळायचं ते तेव्हाच कळलं. मन मात्र वाद घालत राहिलं. रात्रभर तू जागा आहेस. रात्रभर हाच आवाज ऐकला आहेस. सुताराचं मन बाभळीवर, तसं तुझं तिच्या छातीवर. गाडी ही लोखंडाची असते.

"मिस्त्री, होते का नाई आज?"

उत्तमराव कचेरीतून छत्री घेऊन आले होते. माणूस वाईट नव्हता, पण दोन दिवसांचा खोळंबा त्यांच्या तोंडावर दिसत होता. "नाईतं सांगा तसं. बैलगाड्या लावतो मी मग."

भगवंतनं तोंड उघडलं. काय सांगणार होता तो? की मालक, या पाइपात माझी बायको श्वास घेते आहे, हा नट आवळायची मला भीती वाटते? अमरावतीत वीस वर्षं कमावलेलं नाव, आणि समोर दोन माणसं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. त्या भिडेपायी त्या दुपारी त्याचं जेवढं गेलं तेवढं पुढं कशानं भरून यायचं नव्हतं.

"होते," तो म्हणाला.

तो हातपंप मारू लागला. फेस आला, पातळ झाला. बुडबुडे लहान होत गेले. दोन आखूड. एक लांब. दोन आखूड. मग एक लांब बुडबुडा नटाच्या कडेला फुगला, फुगत राहिला, आणि फुटायच्या आधीच आत विरला. त्यामागून निर्मळ, पिवळसर डिझेलची सलग धार आली.

भगवंतनं नट आवळला.

"मार."

डोमाजीनं सेल्फ मारला. इंजिन पहिल्या फेऱ्यातच उठलं. खोकला नाही, काळा धूर नाही. इतकं जुनं इंजिन इतकं मोकळं चालताना भगवंतनं आयुष्यात ऐकलं नव्हतं. उत्तमराव छत्री मिटून हसले.

पाचव्या नोझलचा नट मात्र किंचित गळत होता. तो चालू गाडीत आवळता येत नाही. भगवंतनं डोमाजीला इंजिन बंद करायला सांगितलं. डोमाजीनं स्टॉपर ओढला, इंजिन थांबलं, आणि त्याच वेळी जिनाचा एकचा भोंगा झाला. भगवंतनं नट आवळला, फडक्यानं पुसला, थेंब येतो का ते जरा वेळ पाहिलं. मग पुन्हा सेल्फ. पुन्हा पहिल्या फेऱ्यात.

निघताना त्यानं डोमाजीला सांगितलं ते प्रत्येक मिस्त्री हवा काढल्यावर सांगतोच. "रस्त्यात बंद करू नको. पुन्हा हवा धरली तं मी नाई तिथी. चहाले थांबला तरी चालूच ठेव. अकोल्याले मिलात पोचला का मग कर बंद."

"बराबर," डोमाजी म्हणाला.

५

घर येईपर्यंत भगवंतनं सायकल अशी मारली की साईनगरच्या चढावर त्याच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. गल्लीत रडणं ऐकू येतं का, म्हणून तो कोपऱ्यावरच थांबला. ऐकू आलं ते हसणं.

विमल अंगणात उभी होती. पदर खोचून बादलीनं तुळशीला पाणी घालत होती. खांदे खाली होते. बारा वर्षांत त्यानं तिचे खांदे असे खाली पाहिले नव्हते.

"पाहा जी," ती म्हणाली. एका दमात म्हणाली. "गेला दमा! विहिरीवर दोन खेपा केल्या मी."

भगवंत तिथंच ओट्यावर बसला आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडला. लाज वाटली नाही त्याला. नट आवळताना वाटलेली भीती, ओव्याचा वास, सगळं खोटं ठरलं होतं, आणि खोटं ठरल्याचा असा आनंद त्याला कधीच झाला नव्हता.

गोदाबाई पाणी घेऊन आल्या. "घाबरवलं मात्र लय आमाले," त्या म्हणाल्या. "पाऊण वाजता हे अशी एकदम उठली, बरं वाटते म्हणे. पाय मोकळे करून राह्यली होती. अन् गावातला एकचा भोंगा झाला न, भगवंतभाऊ, त्याच टायमाले धाडकन पडली. श्वास नाई. नाकाशी सूत धरलं मी, सूत हललं नाई. मी बोंब मारायले दारात आली, तं मागून हाक आली, 'काहून ओरडता गोदाबाई?' उठून बसलेली!"

"मले तं कायीच ठाऊक नाई," विमल हसली. "डुलकी लागली असन."

भगवंतनं हातातला पेला खाली ठेवला.

"किती वेळ पडली होती?" त्यानं विचारलं.

गोदाबाईंनी जरा विचार केला. "एखादा नट आवळाले लागते तेवढा," असं त्या म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "दोन मिनिटं, लय झालं तं." पण त्यानं ऐकलं ते पहिलंच.

त्यानं विमलला जवळ बोलावलं, पाठमोरी बसवली आणि बारा वर्षांच्या सवयीनं तिच्या पाठीला कान लावला.

शीळ नव्हती. श्वासही नव्हता. आत, खूप खोल, सहा सिलिंडरचं इंजिन भरल्या गाडीचा चढ चढत होतं.

६

तारघरातल्या कारकुनानं मजकूर दोनदा वाचला. तेलमिल, अकोला. सरकीचा ट्रक येईल. इंजिन बंद करू नका. भगवंत मिस्त्री.

"बंद करू नका? केव्हापर्यंत?"

भगवंतनं पैसे पुढं सरकवले. कारकुनानं शब्द मोजले.

"इथून आता जाईल," तो म्हणाला. "पण तिथला तारवाला शिपाई फेरीवर असतो. हातात पडायला सहा तरी वाजतील."

तेलमिलला टेलिफोन नव्हता. एस.टी. साडेतीनची होती, ती पावणेसहाच्या आत अकोल्याला लागत नाही. ट्रक सव्वा वाजता निघाला. पंचावन्न मैल, भरलेला, ताशी पंधरा मैलांनी. पाचला पोचणार. भगवंतनं तिथंच तारघराच्या पायरीवर सगळा हिशेब दोनदा केला आणि दोन्ही वेळा तोच आला. डोमाजी कुठं थांबला तर? थांबला तरी बंद करणार नाही. त्यानं स्वतःच सांगितलं होतं ना.

आणि समजा तार वेळेत पोचली, समजा डोमाजीनं ऐकलं. टाकीत डिझेल अर्धं. फार तर रात्रीपर्यंत. आणखी भरलं तर उद्यापर्यंत. कोणतं इंजिन कधीच बंद होत नाही?

हे सगळं डोकं फिरल्याचं लक्षण आहे, असंही त्याच्या मनात येतच होतं. तसं असलं तर किती बरं, असं त्याला वाटलं. वेड्याच्या बायकोनं जगावं, त्याला चालणार होतं.

एस.टी. पकडावी की घरी जावं, याचा विचार त्यानं फार केला नाही. तो घरी गेला.

७

विमलला भूक लागली होती. कितीतरी दिवसांनी तिला खरी भूक लागली होती. तिनं चूल पेटवली, पीठ मळलं, धुराकडे तोंड करून बसली तरी खोकली नाही. जानेवारीपासून माहेरी जाणं राहिलं होतं, ते आता जाऊ म्हणाली. कौंडण्यपूरच्या जत्रेलाही यंदा जाऊ म्हणाली.

भगवंत तिच्या मागं पाटावर बसला आणि तिच्या पाठीला कान लावला.

"काय हे," ती म्हणाली. "गेला न आता. सोडा."

"राहू दे."

तिनं राहू दिलं. तिला ते आवडतही असावं. आतमधून गाडी मूर्तिजापूरच्या फाटकाशी थांबली. इंजिन संथ फिरत होतं. आगगाडी गेली, डबे मोजावेत इतकी स्पष्ट गेली. फाटकाची साखळी वाजली, गिअर पडला, गाडी निघाली. विमल थापटत असलेली भाकर त्या तालात हलत होती, की त्याला तसं वाटलं, कोण सांगणार.

बोरगावचा ढाबा आला. चहाच्या कपबशीचा आवाज. इंजिन चालूच होतं. डोमाजी शब्दाला पक्का माणूस.

मग बैलगाड्यांची चाकं, सायकलींच्या घंट्या, कुणीतरी ओरडून बाजूला सरकायला सांगतं आहे. अकोला. भगवंतनं दोन्ही हातांनी बायकोचे खांदे धरले.

"अवो, दुखून राह्यलं. किती जोरानं धरलं?"

लोखंडी फाटक सरकलं. गाडी आत गेली. गती कमी झाली, थांबली. गिअर सुटला. हातब्रेक ओढल्याची करकर त्याच्या कानात घुसली. कुणीतरी विचारलं, रस्त्यात तरास दिला काय? आणि डोमाजीचा शांत, खूश आवाज, अगदी जवळ, तिच्या बरगडीच्या पलीकडे: "नाई जी. मिस्त्रीनं अशी केली का पाण्यावानी आली."

भगवंतनं तिच्या पाठीला तोंड लावलं आणि ओरडला, "डोमाजी! बंद करू नको! डोमाजी!"

विमल खळखळून हसली. "माह्या पाठीत कोण डोमाजी बसला, बाई?" असं म्हणत तिनं त्याच्याकडे मान वळवली. हसू अजून तोंडावरच होतं. आत सीट करकरली, एक हात पुढं झाला, आणि स्टॉपरची तार ओढली गेली.

तव्यावर भाकर टम्म फुगली होती. ती उलटायला हात पुढं आला नाही.